एका शिफ्टचे किती नग?

माझ्या हातात स्टॉपवॉच दिसलं की सखारामचे हात जड व्हायचे. तो चिखलीचा, शेतकरी घरातला. आमच्या चिंचवडच्या कारखान्यातला सगळ्यात सफाईदार ड्रिलिंगवाला. इंजिनाच्या ब्रॅकेटला चार भोकं पाडायचं त्याचं काम. मी उभा असलो की एका ब्रॅकेटला बारा मिनिटं. मी वळलो की किती, ते मला दिसत नव्हतं. पण मागे पडलेले लोखंडी भुशाचे ढीग दिसायचे.

ही एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नची गोष्ट. मी टाइम स्टडीत होतो. म्हणजे कामगाराला एका नगाला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून शिफ्टचा नॉर्म ठरवायचा. नॉर्म म्हणजे आठ तासांत किमान किती नग द्यायचे तो आकडा. तेव्हा तो चाळीस होता. कंपनीला वाढवून हवा होता.

प्रॉडक्शन मॅनेजर कोठारे साहेबांनी मला बोलावलं. शॉपच्या, म्हणजे मशीनींच्या दालनाच्या, वरच्या अंगाला, माळ्यावर, काचेची खिडकी असलेली ड्रॉइंगची खोली होती. तिथून बघा, म्हणाले, त्याला कळता कामा नये. मला ते पटलं नाही. पण मी नवा होतो, नुकतंच लग्न झालेलं. गेलो. सकाळी एक तास खिडकीआड उभा राहिलो. सखारामने आठ ब्रॅकेट काढली.

आठ गुणिले आठ चौसष्ट. त्यातून थोडी सूट देऊन कोठाऱ्यांनी नॉर्म साठ केला आणि नोटीस लावली.

दुसऱ्या दिवसापासून ड्रिलिंगच्या सगळ्या मशीनींवर बरोबर चाळीसच नग निघू लागले. भांडण नाही, घोषणा नाही. चाळिसावा नग ठेवला की माणसं मशीन पुसत बसायची. इंजिन जोडणारी असेंब्ली साठाच्या हिशेबानं लावलेली, ती पाचव्या दिवशी थांबायच्या बेतात आली.

जेवणाच्या सुट्टीत सखाराम माझ्याकडं आला. वर कोण उभं होतं, ते त्यानं विचारलं नाही. त्याला माहीत होतं.

"साहेब, तासाभरात आठ निघत्यात, व्हय," तो म्हणाला. "पन त्यो आकडा माज्या एकट्याचा ऱ्हात न्हाई. माज्या शेजारी दगडूमामा हायेत. त्यांचा खांदा वर जात न्हाई. मी पळालो की कंपनी त्यांना इचारनार, तुमी का न्हाई पळत?"

मी म्हणालो, मी फक्त मोजतो.

"मग पुरतं मोजा की. एक शिफ्ट मशीनीवर उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. कोठाऱ्यांना सांगितलं की नमुना घेतोय. पहिल्या तासात पाच नग काढले आणि स्वतःवर खूश झालो. मग ड्रिल बोथट झालं. ते टूल रूममध्ये धारेला न्यायचं, तर तिथं आधीच चौघं उभे. परत आलो तर कास्टिंगची, म्हणजे भोकं पाडायच्या ओतीव ब्रॅकेटांची, गाडी आलेली नव्हती. दुपारनंतर हँडल ओढताना दंड थरथरायला लागला. शिफ्ट संपली तेव्हा माझे एकतीस नग झाले होते, त्यातले चार रिजेक्ट. खिडकीतून पाहिलेल्या त्या तासात ड्रिल ताजं होतं आणि पेटी कास्टिंगनं भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सखारामशेजारी उघडपणे घड्याळ घेऊन पूर्ण शिफ्ट बसलो. आज लपवू नकोस, म्हटलं. तो नेहमीच्या वेगानं चालला. सत्तेचाळीस.

मी रिपोर्ट लिहिला. सत्तेचाळीसवर फारतर एखादा नग वाढेल, त्यापुढचे नग फक्त कागदावरच निघतील. कोठाऱ्यांनी तो दोनदा वाचला.

"लिमये, तुम्हाला पगार कोण देतं?"

"कंपनी."

"मग हा रिपोर्ट युनियनच्या भाषेत का आहे?"

मी म्हणालो, आकडे खोटे असतील तर दाखवा. त्यांनी दाखवले नाहीत. असेंब्ली बंद पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. युनियनशी दोन बैठका झाल्या आणि नॉर्म अठ्ठेचाळीसवर ठरला. माझी बदली स्टोअरमध्ये झाली, बढतीच्या यादीतून नाव गेलं. मनातून मात्र मला अभिमान वाटत होता.

महिन्याभरानं शॉपमध्ये गेलो, तर दगडूमामा झाडू मारत होते. अठ्ठेचाळीस त्यांना जमत नव्हते. पंधरा वर्षं मशीनवर काढलेला माणूस, मान खाली घालून भुसा गोळा करत होता. मला बघून त्यांनी नमस्कार केला, तो मला नीट घेता आला नाही.

सखारामला विचारलं, तुम्ही सगळ्यांनी हे मान्य कसं केलंत?

"साठ टळले, म्हनून केलं," तो म्हणाला. "तुमचं मोजमाप खरं व्हतं, साहेब. कोन म्हनतंय खोटं? पन ते माज्यावर मोजलेलं. मामांवर तुमी घड्याळ लावलंच न्हाई."

ते खरं होतं. चांगल्या कामगारावर मोजायचं, असं मला शिकवलेलं होतं. तसं का, हे मी विचारलं नव्हतं. पुढं तीस वर्षं नोकरी केली, अनेक नॉर्म ठरताना पाहिले. आकडा बरोबर आहे की नाही, यावर दोन्ही बाजू तासन्‌तास भांडायच्या. कुणाला मोजून तो काढला, हे फार क्वचित कुणी विचारलं. मीसुद्धा दगडूमामांनंतरच विचारायला लागलो.