नंबर लागला

बारावीला मला पन्नाशीच्या जरा वर टक्के पडले. नापास झाले असते तर घरात रडारड झाली असती, भरघोस मिळाले असते तर पेढे वाटले असते. अशा मधल्या टक्क्यांचं काय करायचं असतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "पास हायेस न? बस झालं," आई म्हणाली आणि मासोळ्यांची टोपली घेऊन साकोलीच्या बाजाराला निघून गेली.

टक्के कुठे गेले ते मला ठाऊक होतं. रसायनशास्त्राच्या पेपरात खिडकीबाहेर एका ढगाची सावली मैदानावरून सरकत होती. ती कुंपणापर्यंत पोचेस्तोवर मी तिच्यासोबत गेले. परत आले तेव्हा शेवटचा प्रश्न राहून गेला होता.

आमचं घर तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाला लागून. बाबा त्याच तलावात मासे धरतात. लहानपणी मी त्यांच्या डोंग्यात पालथी पडून तासन्‌तास पाण्यात बघत असे. मासे झोपतात का, झोपले तर तळाशी का जात नाहीत, असले प्रश्न मला पडत. शाळेत एकदा विचारलं तर अख्खा वर्ग हसला. त्या हसण्याचा मला अजूनही राग येतो. बी.एस्सी.ला मत्स्यशास्त्र नावाचा विषय असतो हे पुढे कळलं, आणि मग दुसरं काही सुचेचना.

निकालानंतर मी आणि बाबा कॉलेजं बघत हिंडलो. पहिल्या कॉलेजात बाबा ऑफिसात चौकशी करत होते, तेवढ्यात मी बाहेर व्हरांड्यात उभ्या उभ्या तिथली तीन वर्षं काढून मोकळी झाले. कडुनिंबाखालचा ओटा माझा झाला. एक मैत्रीण झाली, तिच्याशी भांडण होऊन अबोलाही झाला. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "इथं तो विषयच नाही वं बाई." मैत्रिणीशी गोडी करायची राहूनच गेली.

दुसरं कॉलेज भंडाऱ्याच्या बाजूला. तिथे विषय होता. प्रयोगशाळेच्या दारातून बरण्यांमधले मासे दिसत होते, पांढुरके, स्थिर, आणि मला वाटलं, आता हे माझेच. खिडकीतल्या बाबूंनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि आलेल्या अर्जांचा गठ्ठा दाखवला. "इतक्या टक्क्यांत नाही जमणार. बी.ए. करून टाक न, कायले जीवाले तरास?" मला फार वाईट वाटलं. बसमध्ये मी मनातल्या मनात त्या बरण्या एकेक करून परत केल्या.

तुमसरकडच्या एका कॉलेजात मात्र जागा होती, पण मत्स्यशास्त्राच्या ऐवजी कॉम्प्युटर घ्यावा लागत होता. तिथे मी जवळजवळ हो म्हणणार होते, कारण बाबा खूश दिसले. प्रत्येक कॉलेजात त्यांचा एकच प्रश्न असे. फी नाही, निकाल नाही, "शेवटची बस केव्हा हाय जी?" तिथली बस सोयीची होती. तरी मी मान डोलावली नाही.

शेवटी साकोलीत मोबाइलवर शोधता शोधता एक कॉलेज सापडलं, नागपूरच्याही पलीकडे. फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "टक्के चालतील, अर्ज करा. मुलींचं वसतिगृह आहे." बाबांनी अर्जावर सही केली. त्या दिवशी त्यांनी बस विचारली नाही. डोंग्याची डागडुजी करायची आहे म्हणाले आणि पाळ चढून गेले.

प्रवेश झाल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीच्या बसस्टँडवर होते. लगेच बाबांना लावला. आमच्याकडे घरात, पाळीवर, कुठेच रेंज नसते. तलावाच्या मधोमध तेवढी येते. नशिबाने ते पाण्यात होते.

"बाबा, नंबर लागला!"

"लागला न. साफ आयकू येऊन राहिलं. बोल."

"अवो तसा नाही, कॉलेजात लागला! मासोळ्यांचा विषय भेटला मले!"

वल्ह्याचा आवाज थांबला. डोंग्याला पाणी लागत होतं तेवढं ऐकू येत राहिलं.

"बेस झालं," ते म्हणाले. मग विचारलं, "तती होस्टेलात तुले फोन लावला त लागन का वं?"

माणसांनी भरलेल्या बसस्टँडवर मला रडू फुटलं. इतक्या कॉलेजांत मी इतकी आयुष्यं जगून आले होते, पण त्या प्रत्येकातून संध्याकाळी मी घरी परत येत होते. हे मला तेव्हा कुठे कळलं.

"लागन, बाबा," मी म्हटलं.

वसतिगृहात येऊन मला आता वर्ष होत आलं. जाळं टाकायचं नसलं तरी संध्याकाळी बाबा डोंगा काढतात, एकटेच वल्हवत मधोमध जातात आणि मला फोन करतात. "लागला वं बाई," म्हणतात. मग डोंग्याला लागणारं पाणी मी ऐकत राहते.