लेकीचं स्टेशन कोपऱ्यात

रेल्वेचा नकाशा कुणीतरी हाताने काढायचं, हे आता सांगूनही खरं वाटत नाही. पण एके काळी रेल्वेच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर खिडकीशी एक तिरपं टेबल होतं आणि त्या टेबलाशी बसून सगळं शहर सरळ करणारे एक गृहस्थ होते. कचेरीत त्यांना ‘सरळसोट’ म्हणत. नदीचं वळण, टेकडीचा वळसा, जुन्या वस्तीतला रुळांचा गुंता, सगळं त्यांच्या पट्टीखाली आलं की मुकाट्याने आडवं, उभं नाहीतर तिरपं होई. प्रवाशाला अंतर नको असतं, गाडी कुठे बदलायची तेवढं हवं असतं, असं ते ठासून सांगत. घरात मात्र त्यांचं हे कुणी ऐकत नसे.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बायकोने भिंतीवरच्या नकाशात जावयाचं स्टेशन शोधलं. सापडलं ते अगदी खालच्या कोपऱ्यात. तिने कपाळावर हात मारला.

“अहो, पोरीला दिली कुठे आपण! याच्यापुढे कागदच संपतो!”

“अगं, तिकडच्या स्टेशनांची नावं ही एवढाली. ती मावावीत म्हणून लाईन बाहेर ओढली मी. चार गप्पा होईपर्यंत पोचशील.”

“मग काढलंत कशाला लांब?”

शेवटी त्यांनी तिला गाडीने नेऊन दाखवलं, तर उतरताना म्हणाली, “आज गाडी फारच वेगात होती बाई.”

तेव्हापासून लेकीकडे जाणं म्हणजे परगावी जाणं. आदल्या दिवशी घर डोक्यावर घ्यायचं, पिशव्या भरायच्या, शेजारणीकडे किल्ली द्यायची. आणि एवढ्या लांब गेल्यावर लगेच कोण परततं? चांगला मुक्काम पडायचा. मग तिला आणायला सरळसोट जात आणि तेही एक रात्र राहत. लेकीचं घर टीचभर. सगळ्यांची अंथरुणं एकाच खोलीत, दिवा मालवल्यावर मायलेकींची खुसखुस, मध्येच जावयाचं घोरणं आणि त्यावर तोंडात पदर कोंबून हसणं. बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या रात्री आठवल्या की सरळसोटांचे डोळे अजून भरून येतात.

तेव्हा मात्र त्यांना तिचं ते ‘लांब गं बाई’ जिव्हारी लागे. आपल्याच हाताने आपण पोर दूर लोटली, असं वाटे. पुढे एक नवी लाईन सुरू झाली, नकाशा नव्याने काढायचा ठरला आणि त्यांनी संधी साधली. लांबलचक नावं दोन ओळींत बसवली, लाईन आत वळवली आणि लेकीचं स्टेशन आपल्या स्टेशनापासून दोन बोटांवर आणून ठेवलं. छापील कागद घरी आणला तेव्हा बायको हरखून गेली.

“अगंबाई! इतकी जवळ?”

सरळसोटांना आकाश ठेंगणं झालं.

नव्या नकाशाने प्रवाशांवरही जादू केली. कागदावर जवळ दिसतं म्हणून लोक वाकड्या वाटेने जाऊ लागले, उशिरा पोचू लागले आणि गाडीला शिव्या घालू लागले. नकाशावर कुणी संशय घेतला नाही.

घरात वेगळंच घडलं. “जवळच तर आहे, उद्या जाऊ,” असं बायको म्हणायची. तो उद्या पुढे सरकत राहायचा. गेलीच तर खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता गप्पा मारायची आणि दिवेलागणीला परत. आणायला जायचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे सरळसोटांचं जाणंही बंद पडलं. पुढे पुढे तीही नुसता फोन करू लागली.

एक दिवस दुपारी लेकच कचेरीचे जिने चढून टेबलाशी येऊन उभी राहिली.

“काय गं, अचानक?”

“बाबा, तुम्ही दोघं माझ्याकडे शेवटचे कधी राहिलात?”

त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. “अगं, जवळच तर आहेस...”

“तेच तर! शेजारच्या घरी मुक्कामाला कोण जातं?” ती हसायला गेली आणि रडू लागली. “बाबा, मला परत कोपऱ्यात टाका.”

सरळसोटांनी खणातून ब्लेड काढलं. पुढच्या छपाईचा मूळ कागद समोरच होता. लेकीच्या देखत त्यांनी शाईची ती देखणी रेघ खरवडायला घेतली. तिच्या स्टेशनाचा ठिपका सगळ्यात शेवटी खरवडला.

नवा नकाशा घरी आला तेव्हा बायकोने भिंतीशी जाऊन लेकीचं स्टेशन बोटाने शोधलं.

“अहो, ही पुन्हा एवढी लांब कशी गेली?”

“लांबच आहे ती,” सरळसोट म्हणाले. “राहायलाच जायला हवं.”