एनिडला शिव्या द्या

इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या गोदीत धड नावानं हाक मारायची पद्धतच नाही. मासळी उतरवणारे आम्ही एकमेकांना शिवीनंच बोलावतो. 'मिस्टर', 'मिसेस' ही भाषा पोलिसांसाठी, नाहीतर मयताच्या घरासाठी. एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

एनिड थर्लबीच्या खोपटात तर शिवी दिल्याशिवाय चहाच मिळायचा नाही. "आलास का मुडद्या?" ती विचारायची. "आलो गं थेरडे, ओत तुझं गटाराचं पाणी," म्हटलं की बाई खूश, पावातला बेकनचा तुकडा जरा मोठा. नवरा समुद्रानं नेलेला. एकुलता एक लेक डेरेक 'मार्गरेट हॉल्ट' बोटीवर, आइसलँडच्या बाजूला. बाई मुळातच संशयी. दूधवाल्याच्या दुधावर संशय, पाद्र्याच्या हसण्यावर संशय.

त्या सोमवारी बर्फाच्या कारखान्यातला अल्बर्ट पहिला आला.

"गुड मॉर्निंग, एनिड. थंडी फार आहे, नाही?"

तिची किटली हवेतच थांबली. "काय रे, बायकोनं हाकललं का तुला?"

अल्बर्ट हसला नाही. वर चहा संपल्यावर स्वतःचा रिकामा कप उचलून तिच्यापुढे नेऊन ठेवला. मग जॅक आला, तर तो दारात पाय पुसून आत! एनिडचे डोळे बारीक झाले.

"काय शिजतंय रे तुमचं? माझं खोपट उठवतायत का? का माझ्या पाठीमागे कुणी काही बरळलंय?"

मी हळूच सटकत होतो, पण तिनं गाठलंच.

"सिड, इकडे ये. रोजच्यासारखं बोल माझ्याशी."

"ए थेरडे, चहा दे... प्लीज."

त्या 'प्लीज'नं घात केला. तिनं किटली खाली ठेवली.

"डेरेकची बोट?"

"कालपासून वायरलेस लागत नाहीये."

"लागत नाही म्हणजे बुडाली?"

"तसं कुठं कुणी म्हणालंय?"

"मग मेल्यांनो, माझ्या पोराला जिवंतपणीच पोचवून मोकळे झालात?" ती अशी कडाडली की अल्बर्ट दचकून उठला. "शिव्या द्या मला! सगळ्यांनी!"

दिल्या. अल्बर्टनं म्हैस म्हटलं, जॅकनं चेटकीण. मी तर तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. थांबायची छाती नव्हती. ती प्रत्येकाला दुप्पट परत करत होती आणि दाराकडे बघत होती.

दुपारी बोटीच्या मालकांच्या कचेरीतला पर्किस आला. हाही रोजचाच, तिला 'भवाने' म्हटल्याशिवाय खुर्ची न ओढणारा. आज दारातच थबकला.

"बोल की रे बोक्या," एनिड म्हणाली. "काय म्हणतोस मला रोज? बोल ना."

पर्किसनं डोक्यावरची टोपी काढली.

"मिसेस थर्लबी," तो म्हणाला, "तुम्ही जरा बसता का?"