मोठ्यानं म्हणायचं वचन

परळला आमच्या चाळीखाली शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाई ख्रिस्ती आहेत. रोज मशीन सुरू करण्याआधी त्या बायबलमधलं एक वचन खणखणीत आवाजात म्हणतात. भिऊ नये, देव सोबत आहे, अशा अर्थाचं. समोर गिऱ्हाईक ताटकळत असलं, तरी ते पुरं झाल्याशिवाय त्यांचा पाय पायडलवर पडत नाही.

एकदा मी विचारलं, "बाई, मनातल्या मनात म्हटलं तर चालत नाही का?"

"देवाला चालतं हो," गळ्यात टेप अडकवत त्या म्हणाल्या. "पण माझं मन लय हट्टी. मोठ्यानं ऐकवल्याशिवाय त्याला पटत नाही."

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. घरी कुणी नव्हतं, म्हणून सोबत मी गेले. डोळ्यात औषध घातल्यावर त्यांनी वचन सुरू केलं, पण दुसऱ्याच शब्दावर आवाज अडकला. त्यांनी माझा हात घट्ट धरला. पुढचे शब्द काही केल्या येईनात.

मी देवळात जाणारी बाई. पण इतकी वर्षं खिडकीतून ऐकून मला ते पाठ झालं होतं. मी पुढचं म्हणायला लागले, तेही जरा जोरातच. नर्स वळून बघू लागली. मग बाईंचाही आवाज लागला आणि आम्ही दोघींनी मिळून ते पुरं केलं.

"गेली का भीती?" मी विचारलं.

"माझी गेली," त्या हसून म्हणाल्या. "तुमचा हात का थरथरतोय?"