वाळूज ते शेंद्रा, हेडफोनसह

लोक सिंगापूरला जातात आणि त्यावर पुस्तक लिहितात. मी वाळूजहून शेंद्र्याला गेलो. शहराच्या एका टोकाच्या एमआयडीसीतून दुसऱ्या टोकाच्या एमआयडीसीपर्यंतचा हा प्रवास. वाटेत समुद्र लागत नाही, बर्फ लागत नाही. पण आमच्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला माणूस आहे, आणि शिकलेल्या माणसानं प्रवास केला तर तो लिहून ठेवावा, असं माझं मत आहे.

शनिवारी पहिली पाळी संपवून निघालो. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मांडीवर खोका होता. यंदा दिवाळीला कंपनीनं सोनपापडी न देता प्रत्येकाला बिनवायरचे हेडफोन दिले. डोक्यावरून पट्टी आणि दोन्ही कानांवर वाट्या, तसले. सगळ्यांचे काळे, सगळ्यांचे एकाच नावाचे. माझे मी आबांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, ठेवले होते. घरी फजिती नको म्हणून बसमध्येच जोडून बघायचं ठरवलं.

या वस्तूची जोडणी सोपी आहे. बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की फोनमधल्या यादीत तिचं नाव येतं, त्यावर बोट ठेवायचं. मी बटण दाबलं. यादीत नाव आलं, आणि लगेच त्याच्याखाली तेच नाव पुन्हा आलं. मी वरच्यावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, जोडलं. मग मी मायला फोन लावला.

माझ्या कानात काहीच नाही. दोन सीट पुढं बसलेले सलीमभाई मात्र ताठ झाले.

"कोण बोलरा?" त्यांनी आधी स्वतःच्या फोनकडं पाहिलं, मग मागं वळले. "अरे बीए, तेरी अम्मा हैं मेरे कान में. पूछरे, रोटी खाया क्या."

त्यांनी नवा फोन घेतला होता आणि तेही त्याच वेळी बटण दाबून बसले होते.

"खाल्ली म्हणून सांगा," मी म्हणालो.

"खाया बोलरा, अम्मा." मग ते बराच वेळ नुसती मान हलवत राहिले. "हौ... हौ अम्मा... बोलतौं मैं." बोलणं संपल्यावर त्यांनी निरोप दिला. "गाँव में थंड बहुत है बोलरे. कान बांध के आना."

बस हसली. मागून कुणीतरी विचारलं, "बी.ए.मधी हे शिकवत नाहीत का रे?"

"माझा इतिहास होता," मी सांगितलं, आणि खालच्या नावावर बोट ठेवून माझे हेडफोन माझ्या फोनला जोडून घेतले.

आता हेडफोनची गरज का पडली, ते सांगतो. आबांना हल्ली कमी ऐकू येतं. समोरासमोर, ओठांकडं बघून, ते निभावून नेतात. फोनवर निभत नाही. पण ऐकू येत नाही असं म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा. फोन कानाला लावायचा, थोडं थांबायचं, "बरं हाय, ठेवतो," म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. डॉक्टरांनी कानातलं यंत्र सुचवलं तर म्हणाले, "ते म्हाताऱ्या माणसाला लागतं."

गिरजाआत्या ही त्यांची धाकटी बहीण, जालन्याच्या पलीकडं दिलेली. तिचाही फोन असाच ठेवला गेला, एकदा नव्हे, बऱ्याचदा. भाऊ रुसलाय असं तिनं धरलं. यंदा भाऊबीजेला आली नाही. मी तिला समजावून पाहिलं, तर म्हणाली, "रात्री कळपात कोणतं मेंढरू खोकललं ते कळतं त्याला, आन् बहीण ऐकू येत नाय व्हय?" मग निरोप धाडला: रविवारी दिवेलागणीला एकदा फोन करीन. तेव्हाही ठेवून दिला, तर पुन्हा करणार नाय. आबा मेंढरं टाकून तिच्याकडं जाणार नाहीत, आणि भावानं स्वतःच्या तोंडानं बोलावल्याशिवाय ती यायची नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका फोनवर होणार होतं.

मुकुंदवाडीला बस सोडली. स्टेशनाकडच्या गाड्यावर भजी खाल्ली, चहा घेतला आणि शेंद्र्याच्या रिक्षात बसलो. जालना रोडवर विमानतळ मागं पडला की शहर आखडतं, मग एकदम रुंद रस्ते आणि कारखान्यांच्या निळ्या पत्र्याच्या भिंती लागतात. त्या भिंती संपतात तिथं ज्वारी सुरू होते, आणि ज्वारी संपते तिथं आमची वस्ती. पाहुणे विचारतात, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? हेच आहे.

आबा वाड्यापाशी (मेंढरं कोंडायच्या जागेला आम्ही वाडा म्हणतो) बसले होते. डोक्याला लाल पटका, थंडीमुळं त्याचा एक वेढा कानांवरून घेतलेला. मी हेडफोन घरच्या फोनला जोडले. हा फोन मायकडं असतो. मग पट्टी पार शेवटपर्यंत ओढून वाट्या आबांच्या कानांवर नीट बसवल्या. आबा खंडोबासारखे ताठ बसले. मी घरामागं जाऊन माझ्या फोनवरून बोललो, "आबा, ऐकू येतंय का?"

परत आलो. आबा तसेच बसलेले.

"काय आलं का?"

"काय नाय."

आवाज पूर्ण वाढवला. पुन्हा मागं गेलो, पुन्हा आलो.

"आता?"

"लांब कुठंतरी इंजिन चालल्यागत वाटतंय."

मी स्वतःच्या कानांना लावून पाहिलं. ठणठणीत. आबांच्या डोक्यावर ठेवलं की बंद. माझ्याकडं चालू, त्यांच्याकडं बंद. मी निष्कर्ष काढला की जोडणी तुटते आहे. हेडफोनला एकाहून जास्त फोन माहीत झाले की तो कधी याला धरतो, कधी त्याला, हे मी वाचलं होतं.

आबांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "तुझ्याजवळ बोलतंय, माझ्याजवळ नाय. शिकलेला माणूस ओळखत आसंल."

चुलते पांडूकाका बाजेवरून सगळं बघत होते. "पोरगं बीए झालं म्हणून बकरं कापलं होतं आपुन," ते म्हणाले. "जरा घाई झाली."

रात्री धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठं) आणि दही होतं. चांगलं होतं. मी कमी खाल्लं.

रविवारी सकाळी हेडफोन आणि घरचा फोन घेऊन पुन्हा मुकुंदवाडीला. तिथं मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात मालकांनी वस्तू उलटीसुलटी केली, स्वतःच्या कानांना लावली आणि एक गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"एकदम चालू आहे की."

"माझ्या डोक्यावर चालू असतो," मी म्हणालो. "वडिलांच्या डोक्यावर बंद पडतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं.

"डोक्यावर?"

"हो."

"भाऊ, डोकं बघून चालणारी वस्तू मी अजून पाहिली नाही. आली तर सांगतो." तरी माणूस भला. त्यांनी बटण दाबून जुन्या सगळ्या ओळखी पुसून टाकल्या, फक्त घरचा फोन नव्यानं जोडून दिला आणि म्हणाले, "आता ह्याला दुसरं कुणी माहीत नाही. बायकोसारखं समजा." मी लग्न झालेलं नाही असं सांगितलं. ते म्हणाले, मग नुसतं समजा.

परतीच्या रिक्षात मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. चिकलठाण्याच्या पुढं वारा झोंबायला लागला. मायच्या हुकुमाप्रमाणं मफलर होताच, तो कानांवरून घट्ट बांधला. वेळ जात नव्हता, म्हणून हेडफोन चढवले आणि घरच्या फोनवर बातम्या लावल्या.

काही नाही. आवाज पूर्ण केला. लांब कुठंतरी इंजिन चालल्यागत.

मी मफलर खाली ओढला. बातम्या देणारी बाई कानात स्पष्ट बोलायला लागली. मफलर वर घेतला, बाई गेली. खाली घेतला, आली.

पटका! तो काल माझ्या डोळ्यांसमोरच होता. पण तो मला वेगळा दिसलाच नव्हता. मी आबांचं उघडं डोकं कधी पाहिलेलं नाही. माझ्या लेखी पटका हा डोक्याचाच भाग होता, जसे कान.

"ओ साहेब, शेंद्रा आला," रिक्षावाला म्हणाला. "उतरायचं का नाय?"

उतरलो. दोष सापडला होता, पण त्यामुळं काम सोपं झालं असं नाही. आमच्यात म्हाताऱ्या माणसाचा पटका चारचौघांत उतरत नाही. देवापुढं उतरतो, नाहीतर मयताला. बापाला तोंडानं "पटका काढा" म्हणायचं, तर त्याचा अर्थ फार वाईट होतो. मी मायला गाठलं.

"तू सांग," मी म्हणालो.

"मी? लगीन झाल्यापासून नाय सांगितलं, ते आज सांगू?" ती म्हणाली. "तू सांग. बीए तू झालास."

दुपारभर मी वस्तीत हिंडलो. मेंढरं मोजली. दिवेलागण झाली. माय तुळशीपाशी दिवा लावून आली आणि घरचा फोन बाजेवर ठेवून त्याच्याकडं बघत बसली. आबांनी मेंढरं वाड्यात घातली आणि हेडफोन उचलून मुकाट्यानं पटक्यावर चढवले. म्हणजे तेही वाट बघत होते. ऐकू येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी चढवले.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांच्या डोक्यावरचे हेडफोन काढून घेतले. स्वतःचा मफलर कानांवर बांधला, वर हेडफोन घातले, आणि मान हलवली: नाही. मग मफलर सोडला, उघड्या कानांवर हेडफोन घातले, आणि मान हलवली: हो. एक शब्द बोललो नाही. हेडफोन त्यांच्या हातात दिले आणि मागं सरलो.

आबा माझ्याकडं बघत राहिले. नजर माझ्या मफलरवर गेली. मग त्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि मेंढरांकडं तोंड केलं. हात डोक्याकडं गेला तशी माय भिंतीकडं वळली, मी ज्वारीकडं बघायला लागलो. पांडूकाकांनी बाजेवर डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात फोन वाजला.

वळायची सोय नव्हती. फोन वाजत होता. मागं कापडाची सळसळ ऐकू येत होती. फोन वाजतच होता. माझ्या खिशातल्या फोनला हेडफोनची जुनी ओळख होती. दुकानदारांनी पुसली होती, तरी भरवसा नको म्हणून मी माझा फोन बंद करून टाकला. मायनं भिंतीकडं तोंड ठेवूनच हात लांब केला आणि हिरवं बटण सरकवलं.

"गिरजे?" आबा म्हणाले.

मी वळलो. हेडफोन कानांवर होते आणि त्यांच्यावरून पटका बांधलेला होता. शेवटचा वेढा खांद्यावर लोंबत होता.

"गिरजे, बोल." मग आबा एकदम दचकले. "आगं वरडू नको! कानात हायेस तू."

त्यांचा स्वतःचा आवाज मात्र असा होता की वाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली. आत्या पलीकडून काय बोलत होती कुणास ठाऊक. आबा बसले. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोनवर ऐकत राहिलेले आबा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"न्हाय," ते अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले. "राग कशाचा? ऐकू येत नव्हतं मला. लई दिवस झाले."

पांडूकाकांनी डोळे उघडले.

"तू ये. लेकरं घेऊन ये. राहिलीय ती ओवाळणी कर, मी कुठं पळून चाललोय."

मायनं खुणेनं विचारलं, काय म्हणते? आबांनी हातानंच तिला गप्प बसवलं. मग आवाज खाली आला, आणि पुढचं आम्हाला काही कळलं नाही.

सोमवारी पहाटे निघालो तेव्हा आबा मेंढरं सोडत होते. हेडफोन अजून पटक्याखालीच होते, घरचा फोन बंडीच्या खिशात. मी पाया पडलो आणि विचारलं, "आबा, आत्या काय म्हणाली?"

"तुला रं कशाला?" ते म्हणाले. "कान बांध. थंडी हाय."

वाळूजच्या बसमध्ये सगळ्यांच्या कानांवर काळ्या वाट्या होत्या. सलीमभाईंनी त्यांच्यातली एक बाजूला करून विचारलं, "जुडा क्या, बीए?"

"जुडा."

"क्या बोले फुप्पी?" आत्याच्या फोनचं मी त्यांना शनिवारीच सांगितलं होतं.

घरात कुणाला काही कळवायचं असलं की आजवर ते माझ्यातून जायचं. चिठ्ठी आली, मी वाचायची. डॉक्टर बोलले, मी समजावायचं. आत्या रुसली, मी मधे. शिकलेल्याचं ते कामच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. त्या दिवशी एवढं सगळं जोडून मी माझा फोन बंद करून बाजूला उभा राहिलो, आणि भावाबहिणीचं बोलणं माझ्याशिवाय झालं.

आत्या पुढच्याच आठवड्यात येऊन ओवाळून गेली. फोनवर काय म्हणाली होती, ते मला अजून माहीत नाही.