घरच्या कुत्र्याची स्लाइड

मिलिंदची आणि माझी शेवटची भेट चिंचवडच्या हॉस्पिटलात झाली. हृदय पार थकलं होतं, बोलताना धाप लागायची, तरी नर्सची थट्टा चालूच. मग एकदम म्हणाला, “शोभा, बंड्याची ती गाठ साधी नव्हती गं... मला तेव्हाच दिसलं होतं.” मी डबा उचलला आणि निघाले. पुन्हा त्याला पाहिलं ते स्मशानातच.

काळेवाडीत आम्ही दोघं मिळून जनावरांचा दवाखाना चालवायचो. त्याचे वडील कंपनीत कामगार. पोरगा डॉक्टर झाला, पण कुत्र्यांचा, म्हणून त्यांनी कसा अबोला धरला हे तो नकला करून सांगायचा. कुत्र्यांच्या अंगावरच्या काळ्या गाठी हा त्याचा खास प्रांत. केसाळ कातडीवरची गाठ बहुतेकदा गरीब निघते. ओठावर, हिरडीवर, नखाच्या मुळाशी आली की भीती. “रंगावर जाऊ नकोस,” तो बजावायचा, “कधी कधी गुलाबीच घात करते.” सुईने पेशी काढायच्या, काचेवर पसरून रंगवायच्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्यात एक नियम त्याने घातलेला: घरच्या कुत्र्याची स्लाइड आपण वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. आपल्या डोळ्यांना हवं तेच दिसतं.

आणि दिसलं की तो सांगून मोकळा व्हायचा. निघोज्याचे एक मामा हिरडीवर गाठ आलेला कुत्रा घेऊन आले होते. म्हणाले, “डॉक्टर, लपवू नका. आमी ऐकाया बसलोय.” मिलिंदने त्यांच्या शेजारी बाकावर बसून सांगितलं, “मामा, कॅन्सर हाय. लांबवर गेलाय. जास्त दिस न्हाई.” मामांनी उपरण्याने डोळे पुसले. “बरं झालं बोललात. आता त्याला रोज दूध-भाकर चारतो, रानात मोकळा सोडतो.” ते गेल्यावर मिलिंद मला म्हणाला, खरं सांगितलं की माणसाच्या हाती काहीतरी उरतं.

बंड्या आमच्या घरचा कुत्रा, माझ्या नवऱ्याचा, सुहासचा लाडका. सुहास कॅन्सरने गेला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बंड्याच्या नखाच्या मुळाशी गाठ दिसली. मी सुई घातली, स्लाइड मिलिंदपुढे ठेवली. बराच वेळ बघून म्हणाला, “साधी आहे. काढून टाकू.” काढली. लॅबचा निरोपही चांगला आला म्हणाला. मी का शंका घेईन? पुढे बंड्या लंगडायला लागला, तेव्हा वजन वाढलंय म्हणून मी त्याची भाकरी निम्मी केली. मिलिंद मात्र आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं त्याला भरवायचा. मी ओरडले की म्हणायचा, “खाऊ दे गं त्याला...” शेवटी बंड्याला श्वास पुरेना, तेव्हाही “वय झालं” एवढंच बोलला.

त्या दिवशी हॉस्पिटलातून निघताना मी दाराशी पोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला होता, “सुहास नुकताच गेलेला... तो शब्द तुझ्यापुढे पुन्हा काढवेना.” शोकसभेत मिलिंदच्या मायाळूपणावर सगळे भरभरून बोलले. मी मागे बसून दात खात होते. तो शब्द मी पचवला होता रे! निघोज्याच्या अनोळखी मामांना खरं पेलेल असं तुला वाटलं, आणि वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या मला नाही? मामांचा कुत्रा रानात मोकळा हिंडला. माझा बंड्या अर्धपोटी गेला. केसाने गळा कापलास माझा. आणि भांडायलाही उरला नाहीस.

परवा माझ्या आताच्या कुत्रीच्या, राणीच्या ओठावर हाताला गाठ लागली. मी सुई घातली, स्लाइड रंगवली, वाळवली, आणि सवयीने टेबलाच्या त्याच्या बाजूला ठेवून चहा टाकायला गेले. दोन कप घेऊन परत आले, तर स्लाइड तिथेच आणि पुढे रिकामी खुर्ची. सूक्ष्मदर्शक समोरच होता, पण नियम म्हणजे नियम. स्लाइड डबीत घातली आणि पुण्याच्या लॅबला पाठवून दिली. तिथे मला कुणी ओळखत नाही. ते खरं सांगतील.