काकाजींचा दुभाष्या

मी दुभाष्याचं काम आयुष्यात एकदाच केलं. त्यात एक वाक्य सोडलं तर मी एकही शब्द खोटा सांगितला नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. त्या खऱ्या शब्दांचंच ओझं मला जास्त झालं. एका माणसाला सोडून कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. आता पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा म्हटलं आपणही बोलून टाकावं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आमचं तळेगाव, म्हणजे नागपूर-अमरावती रस्त्यावरचं, संत्र्यांच्या पट्ट्यातलं. मी आर्वीच्या कॉलेजात बी.ए. करत होतो आणि गावच्या फुटबॉल टीममध्ये फॉरवर्ड होतो. पाठीवर नऊ नंबर. टीमचे मॅनेजर, मालक, कोच, सगळं एकच माणूस: आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. काकाजी संत्र्याचे व्यापारी. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. नागपूरच्या मंडीत माल घेऊन जाता जाता त्यांना फुटबॉलचा नाद लागला आणि तो काही सुटला नाही. दिवाळीनंतर बाजाराच्या मैदानावर ते टूर्नामेंट भरवायचे. खर्च त्यांचा, मांडव त्यांचा, कप त्यांचा. आणि दरवर्षी तो कप बाहेरगावचे घेऊन जायचे. एकदा रोहण्याच्या पोट्ट्यांनी तो बरोबर काकाजींच्या दारावरून वाजवत नेला. त्या दिवशी काकाजी जेवले नाहीत.

काकाजींची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. संत्र्याचा व्यापारी झाडावरची फळं पाहून अख्खा बगीचा घेतो. काकाजी बगीच्यात शिरले की फळ हातात घ्यायचे, सोलायचे, फोड तोंडात टाकायचे आणि तोंड वेडंवाकडं करायचे. "आंबट हाये बाप्पा. साल जाड. कोळशीचा रोग पडून राह्यला. असा माल कोन घेईन?" शेतकरी मनातल्या मनात खूश व्हायचा. कारण काकाजींनी जितकी नावं ठेवली, तितका माल त्यांच्या मनात भरलेला. आणि माल पसंत नसला तर? तर ते फळ परत हातात द्यायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "छान हाये." मग शेतकऱ्यानं दुसरा व्यापारी शोधायचा.

मैदानातही तेच. गोल मारला की काकाजी रेषेवरून ओरडायचे, "असा मारते का? पायाचा अंगठा मोडला असता म्हंजे! डोळे हायेत का भोकरं?" आम्ही छाती फुगवून परत यायचो. आणि कुणाला ते "छान खेळला रे" म्हणाले की टीममध्ये शांतता पसरायची. त्याची जागा गेलेली असायची.

त्या वर्षी काकाजींचा ट्रक नागपूरहून रिकाम्या पेट्या घेऊन परतला, आणि पेट्यांवर दोन केनियन बसलेले. नागपूरच्या कॉलेजात शिकायला आलेले. ड्रायव्हरनं त्यांना एका मैदानावर खेळताना पाहिलं, खाणाखुणा केल्या, बॉलचा आकार हवेत काढून दाखवला आणि गाडीत घातलं. एक गोलकीपर, दुसरा फॉरवर्ड. सगळा बाजार जमला. एका म्हाताऱ्यानं गोलकीपरला वाकून पाय धरायला लावले आणि आशीर्वाद दिला. त्यालाही गंमत वाटली, म्हाताऱ्यालाही.

"इंग्रजी कोनाले येते बे?" काकाजींनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग तू यांच्या संगं राह्यजो. मी बोलीन ते सांगजो. जसंच्या तसं सांगजो, आपल्या मनचं नाई टाकाचं."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरावात त्या फॉरवर्डला नऊ नंबरचा शर्ट मिळाला. मला उजव्या विंगला लावलं. 

त्याचा खेळ कसा होता हे मी आजही नीट लिहू शकत नाही, कारण तेव्हा मी तो पाहायचं टाळत होतो. बॉल त्याच्या पायाशी आला की आमच्या मैदानावरचे खड्डेसुद्धा वाटेतून बाजूला होतात, असं वाटायचं. पहिल्याच सामन्यात त्यानं दोन गोल केले. मध्यंतराला आम्ही झाडाखाली बसलो. काकाजी दुपट्ट्यानं वारा घेत त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांचे डोळे नुसते लकाकत होते.

"सांग त्याले. तिसरा काऊन सोडला? झोपला होता का? पळून राह्यला का वरातीत चालून राह्यला? असे पाय आमच्या कोठ्यातल्या वासराले बी हायेत म्हना."

टीममधली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत हसायला लागली. काकाजींनी इतकी नावं आजवर कुणालाच ठेवली नव्हती. माणूस पसंत पडला होता!

आणि मी सांगितलं. जसंच्या तसं. तिसरा का सोडलास, झोपला होतास का, तुझ्यासारखे पाय वासरालाही असतात. आवाजात काही न आणता सांगितलं, पेपरातली बातमी वाचावी तसं. एवढंच म्हणायला हवं होतं, की बाबा, हे ह्यांचं कौतुक आहे. ते मी म्हटलं नाही. त्यानं बुटांकडे पाहिलं आणि हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं. त्याला वाटलं, सगळे त्यालाच हसताहेत.

त्याच सामन्यात गोलकीपरनं पायांमधून बॉल सोडला होता. काकाजी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान. छान." मी इंग्रजीत सांगितलं, ते म्हणतात, व्हेरी गुड. तो खूश. पुढच्या सामन्याला त्याला रेषेबाहेर बसवलं आणि गावातला पिठाच्या गिरणीवाला गोलमध्ये उभा राहिला, तेव्हा तो मला सारखा विचारत राहिला, "पण ते तर व्हेरी गुड म्हणाले होते ना?" मी खांदे उडवले.

ते दोघं काकाजींच्या घरी उतरले होते; तिथे मात्र त्यांना माझी गरज पडत नव्हती. काकू त्यांच्याशी सरळ वऱ्हाडीत बोलायच्या. "अजून घे ना रे, लाजून काऊन राह्यला? माय तिकडे उपाशी ठेवत होती का?" ते भरीत-भाकरी मुकाट्यानं आणखी घ्यायचे. ठेच्यानं गोलकीपरच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तर काकूंनी गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला. ह्यात कुठे दुभाष्या लागतो? मी मैदानावर होतो, तिथे लागायचा.

सेमीफायनल त्यानं एकट्यानं जिंकून दिली. त्या संध्याकाळी काकाजी सुटलेच. त्याच्या केसांपासून बुटाच्या नाडीपर्यंत काही सोडलं नाही. मी सगळं पोचवलं, नाडीसकट. पोचवताना जिभेला एक गोडवा येत होता, तो मला आजही आठवतो.

फायनलच्या सकाळी त्यानं बॅग भरली.

"मी जातो," तो मला म्हणाला. "मला इथे अपमान करून घ्यायला आणलं नव्हतं. तुमच्या मॅनेजरला मी नको आहे."

फायनल रोहण्याशीच होती. हा गेला तर कपही गेला, काकाजींच्या दारावरून पुन्हा वाजत. आणि हा गेला तर नऊ नंबर माझा. मी काय केलं, तर त्याची बॅग उचलली. पाहुण्याला ओझं कसं उचलू द्यायचं! फाट्यापर्यंत मी ती वाहून नेली. गोलकीपर मागून संत्री सोलत येत होता.

नागपूरची एसटी यायची होती. तेवढ्यात काकाजींची राजदूत मोटारसायकल धडधडत आली. कुणीतरी सांगितलं होतं. ते उतरले, पण त्याच्याशी बोलायच्या आत शेजारच्या गावचा एक शेतकरी पिशवी घेऊन आडवा आला.

"काकाजी, माह्या बगीच्यातलं फळ पाहा."

काकाजींनी घाईत संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली. "छान हाये. छान." फळ परत त्याच्या हातात. शेतकऱ्याचा चेहरा पडला, पिशवी उचलून तो गेला.

त्याच्या मागे आणखी एक उभा होता, घामाघूम. काकाजींनी त्याचं संत्रं चाखलं आणि तोंड असं केलं की जणू एरंडेल पाजलं. "अरे बाप्पा! आंबट किती! हे फळ हाये का शिक्षा? साल पाय, चामडं हाये चामडं!" आणि बोलता बोलता त्या शेतकऱ्याचा हात हातात घेतला. "उद्या मानसं पाठवतो तोडाले." शेतकरी हसत हसत सायकलवर बसला.

फॉरवर्ड हे सगळं टक लावून पाहत होता. त्यानं गोलकीपरकडे पाहिलं आणि सावकाश, नीट उच्चारून म्हणाला, "छान."

गोलकीपर अर्धवट सोललेल्या संत्र्यासकट थांबला. मग एवढ्या मोठ्यानं हसला की फाट्यावरची कुत्री उठली. "म्हणजे मी ते पहिलं संत्रं!" तो म्हणाला, आणि स्वतःच्या छातीवर हात मारत पुन्हा हसला.

फॉरवर्ड हसला नाही. तो माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली. त्याची बॅग अजून माझ्याच हातात होती.

काकाजी आमच्याजवळ आले. "काय म्हनते तो? काऊन चालला?"

फॉरवर्डनं माझ्यावरची नजर हलवली नाही. "सांग त्यांना," तो म्हणाला. "तू काय केलंस ते सांग."

आता गंमत पाहा. माझी तक्रार करायला त्याच्याजवळ एकच तोंड होतं, माझं. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांचा दुपट्टा मोटारसायकलच्या वाऱ्यानं गळ्याभोवती गुंडाळला गेला होता आणि तो सोडवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"तो म्हणते, खेळतो," मी सांगितलं.

हेच ते एक खोटं वाक्य.

काकाजींनी त्याच्या खांद्यावर एक जोरदार थाप मारली आणि सुरू केलं, "मंग बॅग काऊन भरली? बुद्धी गहान ठेवली का? सामन्याच्या दिवशी फाट्यावर हवा खाऊन राह्यला!" फॉरवर्ड ऐकत राहिला. हळूहळू त्याचे दात दिसले. एसटी आली, थांबली, कंडक्टरनं विचारलं, आणि त्यांना न घेताच गेली. बॅग मात्र त्यानं माझ्या हातातून घेतली आणि परतताना स्वतःच उचलली.

आम्ही जिंकलो. मला विंगवर एकच चांगला बॉल मिळाला, तो मी आत टाकला, त्यानं डोक्यानं मारला. गोल झाल्यावर तो धावत माझ्याकडे आला, माझं डोकं धरून हलवलं आणि कानाशी म्हणाला, "आंबट!" मला वाटतं त्यानं मला तिथेच माफ करून टाकलं. काकाजी कप पोटाशी धरून त्याला नावं ठेवत बसले, दिवे लागेपर्यंत, आणि तो मांडी घालून समोर बसून हसत होता. मला कुणी बोलावलं नाही. गरजच नव्हती.

मग काकाजींची नजर माझ्यावर गेली.

"तू बी छान खेळला रे," ते म्हणाले.

त्यांना काही कळलं होतं का, मला माहीत नाही. बॅग माझ्या हातात त्यांनी पाहिली होती खरी. पुढच्या वर्षी मी नोकरीचं कारण सांगितलं आणि बूट दिले एका पोराला.

दहाएक वर्षांनी, वर्ध्याला मास्तर होतो तेव्हा, गावी आलो असताना काकाजींकडे गेलो. ते खाटेवर बसून संत्रं सोलत होते. मी सगळं सांगितलं, बॅगेसकट. ते एकेक फोड खात ऐकत राहिले. बिया तळहातावर गोळा करत होते. मी फक्त एकाच शब्दाची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये म्हणून मनात हात जोडत होतो.

त्यांनी बिया अंगणात फेकल्या.

"हे सांगाले आता आला? तवा तोंडात काय वडा होता? आन् हे पोट पाय, गाभन म्हैस बरी. शर्ट पाय. बूट पाय कसे घातले, मास्तर हाये का वरपिता? त्या दिवशी तो बॉल बी उशिरा टाकला होता तू, मी बोललो नाई..." त्यांनी आत तोंड केलं. "अहो, चहा ठेवा जी! याच्यात साखर कमी टाका, पाहा काय अवतार करून आला!"

मी खाली मान घालून ऐकत होतो. ते थांबेनात. काकू चहा घेऊन आल्या, तो निवून गेला, तरी ते माझ्या बुटांवरच होते.